आयव्हीए चालू असताना रिमॉर्टगेज करून लवकर मोकळे होता येईल का?

स्लाउकर:
क्रेडिट कार्डे आणि वैयक्तिक कर्जे मिळून ३४,००० पाउंडांचा बोजा डोईजड झाल्यामुळे साडेतीन वर्षांपूर्वी मी आयव्हीए (धनकोंशी ठरावीक हप्त्यांचा कायदेशीर करार करून कर्जातून सुटण्याची ब्रिटनमधील सोय) घेतला. दरमहा २८० पाउंडांप्रमाणे ४२ हप्ते भरले असून १८ उरले आहेत. पत्नीच्या व माझ्या नावावरील घराची किंमत सुमारे ३,००,००० आणि मॉर्टगेज २,३०,००० पाउंड आहे. मॉर्टगेजच्या जुन्या, कमी दराच्या फिक्स्डची (ठरलेल्या व्याजदराच्या मुदतीची) दोन वर्षे बाकी आहेत. आताच रिमॉर्टगेज करून, म्हणजे घरावर नवे, मोठे कर्ज काढून जुने फेडून, उरलेले ५,०४० पाउंड एकरकमी भरले, तर हे प्रकरण संपेल का? दर महिन्याची ही टांगती तलवार आता सोसवत नाही.

थेम्सकाठ:
आपली घालमेल समजते. परंतु केवळ उरलेले हप्ते भरून सुटका होईल, असे गृहीत धरू नका. मुदतीआधी तडजोड करायची तर सुपरवायझरला (आयव्हीए सांभाळणाऱ्या व्यावसायिकाला) तो प्रस्ताव धनकोंपुढे मतदानाला ठेवावा लागतो, आणि मत देणाऱ्यांपैकी रकमेच्या हिशेबाने ७५ टक्के धनकोंची संमती लागते. घरातील इक्विटी (किमतीतून कर्ज वजा जाता उरणारा हिस्सा) त्यांनाही दिसत असते. किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत कर्ज धरले, तर २५,००० पाउंड निघू शकतात आणि त्यांतला निम्मा वाटा आपला. तेव्हा ५,०४० वर ते समाधान मानतील, असे मला वाटत नाही.

शिवाय, सुपरवायझरच्या परवानगीशिवाय नवे कर्ज घेणे हा कराराचा भंग ठरू शकतो, म्हणून ब्रोकरकडे जाण्यापूर्वी त्यांना लेखी विचारा.

जुना हिशेबनीस:
मी स्वतः या वाटेने गेलो आहे, म्हणून कळकळीने लिहितो. आयव्हीए असताना मोजकेच सावकार दारात उभे करतात आणि त्यांचा दर चढा असतो. तो केवळ नव्या रकमेला नव्हे, संपूर्ण मॉर्टगेजला लागतो: २,३०,००० वर दोन टक्के जास्त म्हणजे वर्षाला सुमारे ४,६०० पाउंड, जवळजवळ आपल्या उरलेल्या सगळ्या हप्त्यांइतके! फिक्स्ड मोडल्याचा दंड वेगळा. माझ्या करारात शेवटच्या वर्षी रिमॉर्टगेजचा प्रयत्न करायचा आणि ते न मिळाल्यास १२ हप्ते जास्त भरायचे, असे कलम होते. आपल्याकडेही ते असेल, तर त्याची किंमत ३,३६० पाउंड होते. हे कलम शोधून वाचाच.

लवकर संपवले तरी क्रेडिट फाइलवरील नोंद मंजुरीच्या तारखेपासून सहा वर्षे राहतेच.

स्लाउकर:
पूर्ण मॉर्टगेजचा दर बदलेल, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. करारात ते १२ हप्त्यांचे कलम आहे. आज रात्री पत्नीसोबत बसून ते पुन्हा वाचतो आणि सोमवारी सुपरवायझरला पत्र पाठवतो. स्टेपचेंज या कर्जसल्ला संस्थेकडे विनामूल्य सल्ला मिळतो, तोही त्याआधी घेईन.