घरी व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट करायचंय, दारू कुठली आणि शेंगा किती?

टिळकवाडीची बेकर
नमस्कार, मी घरी केकच्या ऑर्डरी घेते. मावसबहिणीनं शिरसीहून व्हॅनिलाच्या शेंगा पाठवल्यात, काळपट तपकिरी, मऊ, वास तर डबा उघडला की सगळ्या घरात. बाजारातला इसेन्स वापरून कंटाळा आलाय म्हणून दारूत शेंगा मुरवून एक्स्ट्रॅक्ट करावं म्हणतेय. कुणी म्हणतंय व्होडका, कुणी रम, कुणी म्हणतंय गोव्याहून चांगली बाटली मागव. आणि दोन शेंगांवर पांढरं कायतरी दिसायलंय, बुरशी आहे काय? शिवाय आमच्यात नैवेद्याच्या खिरीला दारूचं चालत नाही, त्याला काय करायचं सांगा की.

खानापूरकर
गोव्याच्या भानगडीत पडू नका ताई, परवाना नसताना बाटली आणली तर चोर्ला घाटाच्या वाटेवर नाक्यावर धरतात. आपल्या इथली साधी व्होडका बास. लेबलवर 42.8 टक्के बघा, एक्स्ट्रॅक्टला किमान 35 टक्के अल्कोहोल लागतंय, त्यामुळं ती चालते. महागडी घेऊन काय उपयोग नाही, वास शेंगेचाच येणार. रम पण चालते पण तिची स्वतःची गोडसर चव उतरते, चॉकलेट केकला छान, साध्या स्पंजला मला नाही आवडत.
शेंगा मोजून नका घालू, वजन करा, कारण एक शेंग दोन ग्रॅमची असते तर दुसरी चारची. लिटरला साधारण 100 ग्रॅम, म्हणजे 180 मिलीच्या क्वार्टरला 18 ग्रॅम धरा. सुरीनं उभी चिरायची, तुकडे केले तरी चालतंय, पण सगळी शेंग दारूत बुडालेली पाहिजे, वर टोक राहिलं की तिथंच खराब व्हायला सुरू होते. काचेची बाटली, अंधारं कपाट, आठवड्यातून एकदा हलवायची. गरम करू नका.

निपाणीची अन्नपूर्णा
दोन महिन्यांत रंग येतो, पण तेवढ्यावर वापरू नका गं, दारूचाच वास पुढं येतोय. सहा महिने तरी थांब, वर्षभर ठेवलंस तर आणखी गोल चव लागते. दिवाळीच्या ऑर्डरीला पाहिजे तर आत्ताच घाल.
नैवेद्याला एक्स्ट्रॅक्ट कशाला? शेंग चिरून आतला काळा गर सुरीच्या पाठीनं खरवड आणि दुधातच उकळ, साल पण टाक त्यात, नंतर काढायची. ती साल धुऊन वाळवून साखरेच्या डब्यात ठेव, साखरेला वास लागतोय, मुलांच्या दुधाला घालायला होते. ग्लिसरिनमध्ये पण करतात, खाण्याचं ग्लिसरिन तीन भाग आणि पाणी एक भाग, पण ते फिकं होतंय, दारूएवढा अर्क त्यात उतरत नाही.

शिरसीशी नातं असलेला
पांढरं आहे ते आधी उन्हात धरून बघा. बारीक सुयांसारखं चमकत असेल तर ते व्हॅनिलिनचे, म्हणजे शेंगेला वास देणाऱ्या द्रव्याचे स्फटिक, चांगल्या शेंगेवर येतात, खुशाल वापरा. कापसासारखं, मळकट, कुबट वासाचं असेल तर बुरशी, ती शेंग फेकून द्या, आणि शेजारच्या पण तपासा.
आणि शेंग वाया घालवू नका हो. या वेलीचं फूल एकच दिवस उमलतं आणि आपल्याकडं हातानंच परागीकरण करावं लागतं. ती युक्ती रेयुनियन बेटावरच्या एडमंड अल्बियस नावाच्या 12 वर्षांच्या गुलाम पोरानं 1841 मध्ये दाखवली, आजपण तशीच चालते. पुढं आठ-नऊ महिने शेंग वेलीवर, मग गरम पाण्यात बुडवून, कापडात गुंडाळून घाम काढून, वाळवून हळूहळू वास येतो, हिरव्या शेंगेला काहीच वास नसतो. 2003 च्या आसपास भाव आभाळाला टेकला तेव्हा आमच्या भागात सुपारीच्या बागेत लई जणांनी वेली चढवल्या, भाव पडल्यावर बऱ्याच जणांनी उपटून टाकल्या. ज्यांनी ठेवल्या त्यांच्याकडून थेट घ्या, त्यांना दोन पैसे जास्त मिळतात.

टिळकवाडीची बेकर
उन्हात धरलं, सुया चमकायल्यात! सगळ्यांचे खूप आभार. काटा घरात आहेच, उद्या वजन करून एक क्वार्टर भरते आणि खिरीला दोन शेंगा वेगळ्या काढते. मावसबहिणीला पण विचारते शेंगा कुठल्या बागेतल्या ते.