आई ७६ वर्षांची, स्तनात गाठ: ऑपरेशन की नुसती गोळी? (सांगली-मिरज)

नमस्कार मंडळी, तासगावजवळच्या गावातून लिहितेय. आईच्या डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. मनगट मोडून प्लास्टर होतं म्हणून वहिनी तिला आंघोळ घालत होती, तिच्या हाताला लागली. आईचं म्हणणं, "दुखत नव्हती गं, मग कशाला सांगायचं?"

मिरजेत मॅमोग्राफी आणि बायोप्सी झाली. गाठ २.२ सेंमी, ग्रेड २ (मध्यम), ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारी), हर-टू (गाठ जोरात वाढवणारं प्रथिन) निगेटिव्ह, केआय-६७ (वाढीचा वेग दाखवणारा आकडा) १० टक्के. काखेत काही लागत नाही. बीपीची गोळी चालू आहे, शुगर काठावर. बाकी बाई ठणठणीत. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करते, वर शेजारच्या बागेत जाऊन द्राक्षाची विरळणी कशी चुकतेय तेही सांगून येते.

सर्जन म्हणतात ऑपरेशन करून घ्या. दादा म्हणतो या वयात चिरफाड नको. मामांचं म्हणणं, म्हातारपणी कॅन्सर हळू वाढतो, गोळी सुरू करा आणि गप्प बसा. आईला विचारावं हे कुणाच्याच डोक्यात नाही. तिला 'साधी गाठ' म्हणून सांगितलंय, जणू तिला हॉस्पिटलची पाटी वाचता येत नाही.

नुसत्या लेट्रोझोलवर (हार्मोन कमी करणारी गोळी) भागेल का? केमो, शेक (रेडिएशन) लागणारच का? आणि खर्चाचं कसं? रेशनकार्ड पांढरं आहे.

प्रतिसाद १ (वॉर्डातली सिस्टर)

ताई, मी डॉक्टर नाही, पण कॅन्सर वॉर्डात बरीच वर्षं काढलीत. मामांचं अर्धं खरं आहे. उतारवयात हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, सावकाश वाढणारी गाठ जास्त करून आढळते, आणि तुमचा रिपोर्ट तसाच दिसतोय. पण सावकाश वाढते म्हणजे वाढत नाही असं नव्हे. नुसत्या गोळीने गाठ बहुतेक वेळा आकसते, पण पुढे बऱ्याच जणींत ती गोळीला दाद देईनाशी होते. मग तेच ऑपरेशन आणखी थकलेल्या शरीरावर करायची वेळ येते. हृदय, फुप्फुस फारच कमजोर असेल किंवा माणूस अंथरुणाला खिळलेलं असेल तर फक्त गोळीचा मार्ग ठीक. तुमच्या आई द्राक्षबागेत भांडून येतात! वय कागदावर बघू नका, भुलेच्या डॉक्टरांकडून फिटनेस बघून घ्या. हे ऑपरेशन पोट किंवा छाती उघडून करायचं नसतं, त्यामुळे अंगाला तुलनेने सोसतं.

केमो अशा रिपोर्टला या वयात सहसा देत नाहीत, फायदा फार थोडा असतो. अंतिम निर्णय ऑपरेशननंतरच्या रिपोर्टवर.

स्तन राखून नुसती गाठ काढली तर शेकाचा प्रश्न येतो. ६५ च्या पुढच्या, काखेत न पसरलेल्या, हार्मोन पॉझिटिव्ह, ३ सेंमीपर्यंतच्या गाठींचा ब्रिटनमधून चालवलेला प्राइम-टू नावाचा अभ्यास आहे, त्याचे १० वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. गोळी चालू ठेवून शेक न घेतलेल्यांत सुमारे ९.५ टक्के जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली, घेतलेल्यांत सुमारे १ टक्का. जगण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच, ८१ टक्क्यांच्या आसपास. म्हणून 'आम्ही शेक टाळू शकतो का' हे स्पष्ट विचारा. मात्र मग गोळी पाच वर्षं न चुकता घ्यायची.

धागाकर्ती

मनगट तर नुसतं अंगणात घसरून मोडलं होतं. लेट्रोझोलने हाडं ठिसूळ होतात म्हणे?

प्रतिसाद २ (तीच सिस्टर)

होतात. हे मनगटाचं सर्जनना आवर्जून सांगा. गोळी सुरू करायच्या आधी हाडांची डेक्सा (घनता मोजायची) तपासणी, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व. हाडं खूपच विरळ असतील तर झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन देतात, त्याआधी दात दाखवून घ्या. टॅमॉक्सिफेन ही दुसरी हार्मोनची गोळी हाडांना बरी, पण तिच्याने रक्ताची गुठळी व्हायचा धोका, म्हणून पायाला पूर्वी कधी गुठळी झाली होती का तेही सांगा.

खर्चासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ७० वर्षांपुढच्या सगळ्यांना मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत. आधारकार्ड न्या, आणि हॉस्पिटल योजनेत आहे का ते भरती व्हायच्या आधीच आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात योजनेची माहिती देणारा माणूस) विचारा.

आणि दादांना म्हणावं, पुढच्या वेळी आईला डॉक्टरांसमोर बसवा, सही तिचीच लागणार आहे.