थंडीतल्या मक्याला दुसऱ्या युरियाआधी नायट्रेट तपासावं का?

करवीर_रान
सोयाबीन काढून नोव्हेंबरात टोकलेला मका डिसेंबरअखेर वीत-दीड वीत उंच असतो. शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो नत्र:स्फुरद:पालाशची, नत्र तीन हप्त्यांत. म्हणजे पेरणीनंतर एकरी ३५-३५ किलो युरियाचे दोन हप्ते उरतात. माझं मत असं की पुढचा हप्ता टाकण्याआधी ३० सेंमी खोलीपर्यंतची माती काढून नायट्रेट बघावं. ही पद्धत १९८४ च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये मृदशास्त्रज्ञ मॅगडॉफ यांनी बसवली. मका १५ ते ३० सेंमी असताना आकडा २५ पीपीएम (दहा लाख भागांत २५ भाग) नायट्रेट-नत्राच्या, म्हणजे नायट्रेटमधल्या नुसत्या नत्राच्या, वर आला, तर पीक वरखताला फारशी दाद देत नाही.
सरकारी मृद आरोग्य पत्रिकेवरचा 'उपलब्ध नत्र' इथं कामाचा नाही. तो अल्कलाइन परमँगनेट पद्धतीने काढतात. त्यात अमोनियम आणि सहज सुटणारं सेंद्रिय नत्र मोजलं जातं, नायट्रेट नाही. काही अहवालांत तर सेंद्रिय कर्बावरूनच नत्राचा अंदाज लिहिलेला असतो.

शिरोळ_काळंरान
हिशेब करून बोलूया. समजा आकडा आला १४. २५ मधून वजा केले तर तूट ११ पीपीएम. ३० सेंमी थराची माती हेक्टरी साधारण ४० लाख किलो, म्हणजे १ पीपीएमला ४ किलो नत्र. तूट हेक्टरी ४४ किलो, एकरी ३९ किलो युरिया. ठरलेले ७० किलो टाकण्याऐवजी ३९ टाकले तर ३१ किलो वाचले. ४५ किलोची पिशवी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, म्हणजे बचत १८० रुपयांच्या आसपास. तेवढ्यासाठी गिरमिट घेऊन रानभर फिरायचं, बर्फाच्या डब्यातून माती न्यायची, वर तपासणीचे पैसे द्यायचे? आपल्याकडं युरिया एवढा स्वस्त आहे की ही चाचणी खिशाला पटत नाही.

माती_रसायन
शिरोळकर, तुमचा गुणाकार बरोबर पण सूत्र चुकलं. नुसत्या वजनाने तूट भरत नाही. अमेरिकेतल्याच आयोवा राज्याच्या शिफारशीत तुटीच्या दर पीपीएमला एकरी ८ पौंड नत्र धरतात, म्हणजे ३.६ किलो. तुम्ही धरले १.६. टाकलेलं सगळं नत्र पीक उचलत नाही, म्हणून गुणक मोठा. त्या हिशेबाने १४ आकड्याला एकरी ४० किलो नत्र, म्हणजे ८७ किलो युरिया लागतो. ठरलेल्या ७० पेक्षा जास्त!
मात्र ते सूत्र आयोवाच्या जमिनीवर आणि तिथल्या उत्पादनावर बसवलेलं आहे. आपल्या काळ्या रेगुरात ते जसंच्या तसं वापरायला माझा विरोध.

कागल_बांध
अन् थंडीचं काय? सेंद्रिय पदार्थातून नत्र सुटायला जिवाणू लागतात. तापमान १० अंशांनी उतरलं की त्यांचं काम जवळपास निम्म्यावर येतं. डिसेंबरात आलेला १४ हा आकडा म्हणजे रान उपाशी आहे असं नाही, जेवण अजून पानावर वाढलेलं नाही एवढंच. फेब्रुवारीत ऊन चढलं की तेच नत्र सुटतं, आणि तोवर आपण युरिया टाकून मोकळे झालेलो असतो.

करवीर_रान
थंडीचा मुद्दा बरोबर, पण तो ताणू नका. व्हर्माँट-आयोवात मे महिन्याच्या सुरुवातीला माती १० अंशांच्या आसपास असते. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे १४-१५ आणि दुपारी २८-३०. मुळांच्या थरात माती थंडगार कधी होतच नाही. नायट्रेट बनायचं काम मंदावतं, थांबत नाही. आपल्याकडं नत्र जास्त घालवतं ते पाटपाणी. काळ्या रानात युरियानंतर तुंबून पाणी दिलं की हवा कोंडते आणि नायट्रेट वायू होऊन उडतं. हलक्या रानात ते ३० सेंमीच्या खाली जातं, मग नमुन्यात सापडत नाही.

माती_रसायन
म्हणूनच आकड्याचा उपयोग एकतर्फी आहे. २५ च्या वर आला तर थंडी असो-नसो, विश्वास ठेवा, हप्ता थांबवा. थंडीतही एवढं नायट्रेट असेल तर पुढं वाढणारच. कमी आला तर मात्र आधीचं पीक विचारा. सोयाबीनचं बेवड असेल, शेणखत पडलं असेल, तर १४ तात्पुरता असू शकतो. ऊस मोडून पाचट गाडलेलं असेल तर १४ खराच १४. पाचटात कर्ब नत्राच्या ८०-१०० पट असतो, कुजताना ते मातीतलंच नत्र ओढतं. आयोवातही मे महिन्यात पाऊस जादा झाला तर हद्द २०-२२ पर्यंत खाली आणतात, म्हणजे २५ ही काही दगडावरची रेघ नव्हे.

गडहिंग्लज_मका
नमुना कसा काढायचा ते कुणी नीट सांगेल का? इथं तर खुरप्याने वरची चार बोटं माती काढून देतात.

माती_रसायन
एकरात १५-२० ठिकाणं, गिरमिटाने पूर्ण ३० सेंमी. पाण्याच्या आधी, वाफशावर. पाणी दिल्यावर चार दिवस तरी नको. पेरणीचं खत ओळीत पडलेलं असतं, म्हणून एक नमुना ओळीपासून १५ सेंमीवर, दुसरा २५ वर, तिसरा मध्यावर असं बदलत जा. सगळे ओळीजवळचे निघाले तर १४ चा ४० होतो. बांध, झाडाची सावली, शेणाच्या ढिगाची जागा टाळा. बादलीत मिसळून चतुर्थांश पद्धतीने (चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत) अर्धा किलो ठेवा.
सगळ्यात मोठी चूक पुढं होते. ओली माती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दोन-तीन दिवस गाडीत ठेवली की जिवाणू आत काम करत राहतात आणि आकडा फुगतो. त्याच दिवशी पातळ पसरून पंख्याखाली वाळवा, नाहीतर बर्फात ठेवून २४ तासांत प्रयोगशाळेत द्या. आणि नायट्रेट हवं हे स्पष्ट सांगा. पत्रिकेच्या १२ घटकांत तो रकानाच नाही.
घरी नायट्रेटला रंग बदलणाऱ्या पट्टीनेही जमतं. डिस्टिल्ड पाण्यात लिटरला १.५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. मिलीच्या खुणा असलेल्या नळीत ३० मिली द्रावण, त्यात ४० च्या खुणेपर्यंत माती, जोरात हलवा, निवळू द्या, वरच्या नितळ पाण्यात पट्टी बुडवा, ६० सेकंदांनी रंग जुळवा. ओल्या चिकणमातीला वाचन भागिले १.७, पोयट्याला भागिले २, की नायट्रेट-नत्राचा पीपीएम आकडा मिळतो. विहिरीचं पाणी वापरू नका, ऊसपट्ट्यात त्यातच नायट्रेट असतं. आणि पट्टीवर नायट्रेट लिहिलंय की नायट्रेट-नत्र ते बघा. दोघांत ४.४३ पटींचा फरक आहे. वरचे भाजक नायट्रेटच्या पट्टीचे.

शिरोळ_काळंरान
एवढा खटाटोप करण्यापेक्षा पट्टा ठेवा की! रानाच्या मध्यावर चार ओळी, १० मीटर लांब, पेरणीनंतर १५ दिवसांनी अर्धा किलो युरिया जादा. पाऊण मीटर ओळीला ३० चौरस मीटर होतात, म्हणजे हेक्टरी साधारण ७७ किलो नत्र. ३०-३५ दिवसांनी पट्टा उरलेल्या रानापेक्षा हिरवा दिसला तर हप्ता द्या, फरक नसेल तर आठ दिवस थांबा. पाच रुपयांच्या आत काम.

कागल_बांध
पट्टा चांगला, पण थंडीत फसवतो. या दिवसांत कोवळ्या रोपांची खालची पानं जांभळी पडतात ती स्फुरद उचललं जात नाही म्हणून. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे आले तर जस्त कमी. दोन्हींत पट्टा आणि रान सारखंच फिकट दिसणार, अन् आपण समजणार नत्र भरपूर आहे. नत्राची खूण वेगळी: खालचं पान शेंड्याकडून इंग्रजी व्ही आकारात पिवळं पडत येतं.

गडहिंग्लज_मका
आमच्याकडं निम्मा मका वैरणीला जातो. तिथं जादा युरिया नुसता वाया जात नाही, जनावराला बाधतो.

माती_रसायन
बरोबर. ढगाळ थंडीत नायट्रेट ताटाच्या बुडख्यात साठतं. वैरणीसाठी कापताना खालची २५-३० सेंमी ताटं रानातच सोडा, मुरघास केलात तर बराच भाग आंबण्यात जातो. वैरणीच्या मक्याला आकडा २५ च्या वर आला तर शेवटचा हप्ता देऊच नका, मग युरिया २६६ ला मिळो नाहीतर फुकट.

शिरोळ_काळंरान
वैरणीपुरतं मान्य. दाण्याच्या मक्याला मी पट्ट्यावरच राहणार, आणि ऊस मोडलेल्या रानात तपासणीशिवाय दोन्ही हप्ते देणार.