मदत हवी आहे: हॅनफर्डच्या काठावरील पाझरांतले स्ट्रॉन्शियमचे आकडे कसे वाचावेत?

नमस्कार मंडळी,

येथे भूजलाचे काम प्रत्यक्ष केलेले काही सभासद आहेत, म्हणून हा प्रश्न थोड्या विस्ताराने मांडतो. मी शिक्षणाने रसायनशास्त्राचा असलो तरी जमिनीखालच्या पाण्याचा माझा अभ्यास नाही. गेली काही वर्षे मी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, कोलंबिया नदीकाठच्या रिचलंड गावी राहतो. गावाच्या उत्तरेस हॅनफर्ड आहे. १९४३ मध्ये प्लुटोनियमसाठी उभारलेल्या या क्षेत्रात नदीकाठी एकूण नऊ अणुभट्ट्या चालल्या. रिचलंडच्या नळाला येणारे पाणी याच नदीतून, हॅनफर्डच्या खालच्या अंगाने उचलले जाते, त्यामुळे शेजाऱ्यांपैकी चौघे-पाचजण मिळून आम्ही प्रसिद्ध होणारे भूजलाचे अहवाल वाचू लागलो आहोत. नमुने आम्ही घेत नाही. त्या काठावर जाण्यास मुभाही नाही.

आमचे घोडे अडले आहे ते ‘एन’ अणुभट्टीखालच्या काठावर. ही भट्टी १९६३ च्या अखेरीस सुरू झाली आणि १९८७ मध्ये बंद पडली. तिचे शीतनाचे पाणी काठापासून जवळच खणलेल्या चरांत सोडले जाई, आणि त्यातील स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य मातीला चिकटून राहिले. ते पाण्याबरोबर हळूहळू नदीकडे सरकते आणि काठावरच्या पाझरांतून बाहेर पडते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २९ वर्षांचे असल्याने भट्टी बंद झाली तेव्हाचा साठा आता निम्म्याहून कमी उरला असणार, तरीही पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ८ पिकोक्युरी (किरणोत्साराचे एकक) इतकी कडक आहे, हे लक्षात घ्यावे लागते.

अडचण अशी की पाझराचे पाणी म्हणजे निखळ भूजल नव्हे. वरच्या अंगाला प्रीस्ट रॅपिड्स धरण आहे आणि विजेच्या मागणीप्रमाणे तेथून पाणी सोडले जाते. पातळी चढली की नदीच काठात शिरते आणि उतरली की तेच पाणी भूजल मिसळून परत झिरपते. आपल्याकडे नदीच्या वाळूत झिरा खणणाऱ्यांना हे सांगायला नको. म्हणजे सकाळच्या आणि संध्याकाळच्या नमुन्यातील फरक हा प्रदूषण घटल्याचा नसून नदीने केलेल्या सरमिसळीचा असू शकतो. शरद ऋतूत नदी खाली असताना नमुने घेण्याची पद्धत आहे ती बहुधा याचसाठी.

मी विद्युतवाहकतेवरून मिश्रणाचे प्रमाण काढू पाहिले. समजा, नदीची वाहकता १४०, आतल्या निरीक्षण विहिरीची ४०० आणि पाझराची २७० मायक्रोसीमेन्स असेल, तर पाझरात निम्मे पाणी नदीचे आले आणि पाझरातील आकडा दुपटीने वाढवून वाचायचा. भट्ट्यांच्या पाण्यात गंजरोधक म्हणून घातलेल्या डायक्रोमेटमधून आलेल्या सहा संयुजेच्या क्रोमियमला हा हिशेब लागू पडावा, कारण तो पाण्याबरोबर जवळजवळ मोकळा वाहतो. पण स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या जागी मातीच्या कणांवर बसते आणि सुटतेही. नदीचे पाणी काठात शिरल्यावर ते केवळ पातळ होईल, की कणांवरून आणखी थोडे सुटेल, हे या त्रैराशिकातून कळत नाही. मला तरी स्ट्रॉन्शियमचा आकडा अशा रीतीने दुप्पट करणे चुकीचे वाटते. माझे चुकत असल्यास कृपया दाखवून द्यावे.

त्यात आणखी एक गुंता आहे. पाणी उपसून शुद्ध करण्याचा तेथील प्रयोग स्ट्रॉन्शियमच्या बाबतीत निष्प्रभ ठरल्याने २००६ मध्ये थांबवला गेला आणि काठालगतच्या विहिरींतून कॅल्शियम, सायट्रेट व फॉस्फेटची द्रावणे जमिनीत सोडली गेली. त्यातून जमिनीत ॲपेटाइट, म्हणजे आपल्या हाडादातांतले खनिज, तयार होते आणि ते स्ट्रॉन्शियमला धरून ठेवते. कल्पना सुंदर आहे. परंतु ही द्रावणे स्वतःच खारट असल्याने वाहकता वाढवतात आणि सुरुवातीला कणांवरचे स्ट्रॉन्शियम काही काळ उलट मोकळे करतात. अशा काठावर वाहकतेला साक्षीदार मानावे तरी कसे? त्याऐवजी ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, वापरता येईल का? तो पाण्याच्याच रेणूत असतो, मात्र प्रत्येक नमुन्यात तो मोजलेला नसतो.

काही जुन्या नमुन्यांत स्ट्रॉन्शियमऐवजी फक्त एकूण बीटा, म्हणजे सगळ्या द्रव्यांच्या बीटा किरणांची एकत्र मोजणी, दिला आहे. स्ट्रॉन्शियमच्या पोटी जन्मणारे इट्रियम-९० त्याच्या बरोबरीने किरणे टाकत असल्याने मी तो आकडा निम्मा करून वाचतो. ही सवय सरसकट चालते, की नमुना घेतल्यापासून मोजणीपर्यंत किती दिवस गेले हे पाहावेच लागते?

एका शेजारीणबाईंनी ‘उणे ०.४’ असा आकडा पाहून अहवालच खोटा आहे असे ठरवले होते. उपकरणाला एरवीही जाणवणारी किरणांची पार्श्वभूमी वजा केल्यावर असे होऊ शकते, एवढे मी त्यांना समजावले आहे. सरासरी काढताना हे उणे आकडे तसेच ठेवावेत, की शून्य धरावेत? मी तसेच ठेवतो आहे.

आपल्याकडे खाडीकाठच्या विहिरींत भरती-ओहोटीनुसार क्षारता मोजलेले कोणी असल्यास, एका नमुन्यावर न विसंबता पातळीची नोंद सोबत कशी जोडता, हेही कृपया सांगावे.