अरबी पानावर फोन नंबर उलटा दिसतो, '५०० एमजी'चं 'एमजी ५००' होतं. काय करावं?

कोथरूडचा_कोडर:

नमस्कार मंडळी,

मस्कतमधल्या एका दवाखान्याची अपॉइंटमेंटची वेबसाइट करतोय. इंग्रजी बाजू सुरू झाली, आता अरबी बाजू हातात आहे. मला अरबी वाचता येत नाही. भाषांतर तिकडून येतं, मी ते जागेवर बसवतो.

बॉडीला सीएसएसमधून (पानाच्या सजावटीच्या कोडमधून) डिरेक्शन आरटीएल, म्हणजे उजवीकडून डावीकडे, दिलं. नुसता अरबी मजकूर असेल तिथे सगळं छान दिसतं. पण मध्ये आकडे किंवा इंग्रजी शब्द आला की घोळ होतो. फोन नंबरचं अधिकचं चिन्ह उजवीकडे जातं आणि नंबरचे तुकडे उलट्या क्रमाने लागतात. औषधाच्या ओळीत '५०० एमजी' असेल तर 'एमजी ५००' दिसतं. तारखेचं तर डोकंच चालेना: तक्त्यात २०२५-०३-१४ बरोबर दिसते, पण तीच तारीख वाक्यात आली की १४-०३-२०२५ होते. डेटाबेस एकच, व्हेरिएबलही तेच.

फोनपुरता तोडगा म्हणून नंबर स्पेसवर तोडून तुकडे उलटे जोडले. पडद्यावर आकडे बरोबर क्रमाने दिसतात, पण नंबर कॉपी करून डायल केला तर भलताच नंबर लागतो. हे नीट कसं करायचं?

रुवीहून:

मी मस्कतलाच असते, रुवीत. अरबी-इंग्रजी द्विभाषिक साइट्स हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी ते तुकडे उलटवणारं फंक्शन काढा. अरबी मजकूर मेमरीत वाचायच्या क्रमानेच साठवलेला असतो: आधी टाइप केलेलं अक्षर आधी. तो उजवीकडून मांडायचं काम ब्राउझरचं, आणि ब्राउझर ते युनिकोडच्या (सगळ्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) बायडायरेक्शनल, म्हणजे दोन्ही दिशांच्या मजकुरासाठीच्या, अल्गोरिदमप्रमाणे करतो. तुम्ही साठवलेला क्रम बदललात की पडद्यावर बरोबर आणि आत चूक अशी स्थिती होते. मग कॉपी, सर्च, स्क्रीन रीडर, डायलची लिंक सगळंच बिघडतं. हीच युक्ती लोक अख्ख्या वाक्यांवर करतात. मोबाइलवर ओळ मोडली की वाक्याचा शेवट पहिल्या ओळीत आणि सुरुवात दुसऱ्या ओळीत.

आता तुमच्या तिन्ही तक्रारी. अल्गोरिदम प्रत्येक कॅरेक्टरला एक वर्ग देतो. इंग्रजी अक्षरं ठामपणे डावीकडून, अरबी अक्षरं ठामपणे उजवीकडून. आकडे दुबळे, म्हणजे ते स्वतः डावीकडून उजवीकडेच लिहिले जातात, पण आजूबाजूची दिशा बदलण्याची ताकद त्यांच्यात नाही. स्पेसला स्वतःची दिशाच नाही.

फोन नंबर घ्या: अधिक, ९६८, स्पेस, चार आकडे, स्पेस, चार आकडे. परिच्छेद उजवीकडून चालणारा. प्रत्येक आकड्यांचा गट आतून शाबूत राहतो, पण मधल्या स्पेस परिच्छेदाची दिशा घेतात, म्हणून गट उजवीकडून एकामागोमाग लागतात. अधिकच्या चिन्हाच्या आधी आकडा नाही, त्यामुळे तेही परिच्छेदाच्या दिशेने जाऊन ९६८ च्या उजवीकडे बसतं. '५०० एमजी'चंही हेच: ५०० च्या आधी अरबी शब्द, नंतर इंग्रजी 'एमजी', मधली स्पेस उजव्या दिशेची झाली की आकडा उजवीकडे राहतो आणि एमजी त्याच्या डावीकडे पडतं.

तारखेचं कोडं सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते टेस्टिंगमधून हमखास निसटतं. आकड्याच्या आधी सापडणारं ठाम अक्षर अरबी असेल तर अल्गोरिदम त्या आकड्याला 'अरबी आकडा' मानतो, मग तो इंग्रजी वळणाचा का असेना. दोन साध्या आकड्यांमधला एकटा हायफन त्यांना जोडून ठेवतो, पण दोन 'अरबी आकड्यां'मधला हायफन जोडत नाही. तुमच्या तक्त्याच्या चौकटीत तारखेआधी अरबी अक्षर नाही, म्हणून ती धड राहते. वाक्यात तिच्याआधी अरबी शब्द आला की वर्ष, महिना, दिवस सुटे होऊन उजवीकडून लागतात. तिरपी रेघ मात्र दोन्हीकडे जोडून ठेवते, म्हणून १४/०३/२०२५ हलत नाही.

हे ब्राउझरचं चुकतं असं समजू नका. डोस '५-१०' लिहिला तर अरबी वाक्यात तो '१०-५' दिसतो, आणि वाचणारा उजवीकडून वाचतो: पाच ते दहा. त्याच्यासाठी ते अगदी बरोबर आहे! तुम्ही त्याला जबरदस्तीने डावीकडून केलंत तर तोच माणूस दहा ते पाच वाचेल. आणि हाच डोस रिकाम्या चौकटीत ठेवला तर न सांगता '५-१०' दिसेल. म्हणून औषधाच्या मात्रेत मी हायफन वापरूच देत नाही. अरबीत 'मिन ५ इला १०' (५ पासून १० पर्यंत) असं शब्दांत लिहून घ्या. भाषांतर करणाऱ्याला तेवढं सांगणं अवघड नाही, आणि समोर रुग्ण आहे.

उपाय असा. दिशा सीएसएसमधून न देता एचटीएमएल टॅगवरच डिर (दिशा) ॲट्रिब्यूट आरटीएल आणि लँग (भाषा) एआर, म्हणजे अरबी, द्या. दिशा हा मजकुराचा भाग आहे, सजावटीचा नाही. मग बाहेरून येऊन वाक्यात बसणारा प्रत्येक तुकडा, म्हणजे फोन, तारीख, औषधाचं नाव मात्रेसकट, बिलाचा नंबर, ईमेल, बीडीआय टॅगमध्ये गुंडाळा. हा टॅग तुकड्याला आजूबाजूच्या मजकुरापासून वेगळा ठेवतो. फोनसारख्या गोष्टींना त्यावर डिर एलटीआर (डावीकडून उजवीकडे) स्पष्ट लिहा. रुग्णाचं नाव अरबीत असेल की इंग्रजीत ते आधी माहीत नसतं, तिथे नुसता बीडीआय पुरतो, तो पहिलं ठाम अक्षर बघून दिशा ठरवतो. 'तक्रार लिहा' अशा मोठ्या रकान्याला डिर ऑटो, फोनच्या रकान्याला डिर एलटीआर.

एसएमएस, पानाचं टायटल, प्लेसहोल्डर (रिकाम्या रकान्यातला फिकट मजकूर) अशा ठिकाणी टॅग चालत नाही. तिथे तुकड्याच्या आधी यू+२०६६ आणि नंतर यू+२०६९ ही न दिसणारी कॅरेक्टर टाका. ही २०१३ मध्ये युनिकोड ६.३ मध्ये आली. जुन्या उत्तरांत यू+२०२ए वगैरे सापडेल, ते आता नको. त्याचा परिणाम तुकड्याबाहेर सांडतो. मात्र ही कॅरेक्टर दाखवतानाच लावा, डेटाबेसमध्ये जाऊ देऊ नका. एकदा गेली की दिसायला सारखे दोन फोन नंबर जुळत नाहीत आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

आणखी एक, आपल्या लोकांसाठी खास. मी इथे आकडे देवनागरीत लिहितेय, पण टेस्टिंगला देवनागरी आकडे वापरू नका. युनिकोडमध्ये देवनागरी आकडे इंग्रजी अक्षरांसारखेच ठाम वर्गात आहेत, दुबळ्या वर्गात नाहीत. त्यामुळे तुकडे उलटे लागत नाहीत आणि सगळं ठीक आहे असं वाटतं.

सीएसएसबद्दल थोडक्यात: मार्जिन-लेफ्ट, पॅडिंग-राइट सगळं मार्जिन-इनलाइन-स्टार्ट, पॅडिंग-इनलाइन-एंड असं करून टाका, म्हणजे दोन स्टाइलशीट सांभाळाव्या लागणार नाहीत. अरबीवर लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा, नाहीतर जोडलेली अक्षरं तुटतात. मागे-पुढेचे बाण उलटवा, घड्याळाचं चित्र नाही.

मालेगाव_उर्दू:

ताईंनी सगळं नेमकं सांगितलंय. मी उर्दू शाळांच्या साइट करतो, त्यामुळे एक भर. मस्कतच्या दवाखान्यात पाकिस्तानी आणि आपल्याकडचे उर्दू टाइप करणारे रुग्णही येणारच. उर्दू कीबोर्डचा काफ यू+०६ए९, अरबी कीबोर्डचा यू+०६४३. 'ये'चंही तसंच, ०६सीसी आणि ०६४ए. शब्दात डोळ्याला जवळपास एकच, कॉम्प्युटरला वेगळे. रिसेप्शनवर नाव शोधलं तर सापडणार नाही आणि त्याच माणसाचं दुसरं खातं उघडलं जाईल. शोधासाठी वेगळा कॉलम ठेवून त्यात ही अक्षरं एकसारखी करून साठवा, मूळ नावाला हात लावू नका. आकड्यांचेही दोन संच आहेत, अरबी ०६६० पासून आणि फारसी-उर्दू ०६एफ० पासून. फोनच्या रकान्यात दोन्ही स्वीकारा आणि सर्व्हरवर साधे करून घ्या.

पुढे कधी उर्दू बाजू केलीत तर लाइन-हाइट सढळ हाताने वाढवा. नस्तालिकमध्ये, म्हणजे उर्दूच्या तिरप्या लेखनशैलीत, शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन खाली उतरत येतो. अरबीची लाइन-हाइट ठेवली तर वरचे नुक्ते (अक्षरांचे ठिपके) कापले जातात.

कोथरूडचा_कोडर:

ताई, दादा, खूप आभार. डिर एचटीएमएलवर नेलं, बीडीआय लावले, फोन आणि एमजी दोन्ही जागेवर आले. 'मिन-इला'बद्दल दवाखान्याला कळवलं, त्यांनी लगेच होकार दिला.

आता पावतीची पीडीएफ. सर्व्हरवर एका जुन्या लायब्ररीने बनवतो. त्यात अरबी अक्षरं सुटी सुटी येतात आणि डावीकडून लागतात. तिथे तर बीडीआय चालणार नाही ना?

रुवीहून:

नाही चालणार, कारण तिथे ब्राउझरच नाही. अरबी अक्षर शब्दात कुठे आहे त्यावर त्याचा आकार बदलतो: सुटं, सुरुवातीचं, मधलं, शेवटचं. साठवलेला कोड एकच, आकार निवडायचं काम शेपिंग इंजिनाचं. क्रोम आणि फायरफॉक्स त्यासाठी हार्फबझ वापरतात. तुमच्या लायब्ररीत शेपिंग नाही आणि दिशेचा अल्गोरिदमही नाही, म्हणून ती प्रत्येक अक्षर सुटं छापत सुटते.

सरळ रस्ता: पावतीही एचटीएमएलमध्ये करा आणि हेडलेस क्रोमने (खिडकी न उघडता चालणाऱ्या क्रोमने) पीडीएफ काढा. वेबवर केलेलं सगळं काम तसंच्या तसं उपयोगी पडेल. सर्व्हरच्या कंटेनरमध्ये अरबी फॉन्ट टाकायला विसरू नका, नोटो नस्ख अरेबिक किंवा अमीरी. फॉन्ट नसेल तर रिकामे चौकोन छापले जातात.

नेटवर दुसरा मार्ग सापडेल: पायथॉनचं अरेबिक-रीशेपर आणि पायथॉन-बिडी. ते अक्षरांचे तयार आकार देणारे जुने कोड वापरतं आणि क्रम आधीच लावून देतं. चित्रावर चार शब्द काढायला ठीक. पावतीला मी वापरणार नाही, कारण त्या पीडीएफमध्ये रुग्णाचं नाव शोधलं तर सापडेल याची खात्री राहत नाही.

पावती आहे म्हणून आणखी एक सांगते. ओमानी रियालचे १००० बैसा होतात, म्हणून रक्कम तीन दशांशांत लिहितात: १२.५००. तुमच्या इंग्रजी बाजूवर दोन दशांशांचं फॉरमॅटिंग असेल तर तेही बदला. जावास्क्रिप्टच्या इंटल नंबरफॉरमॅटला (आकडे मांडायच्या सोयीला) ओएमआर, म्हणजे ओमानी रियाल, चलन सांगितलं की तीन दशांश आपोआप येतात. अरबी लोकॅलमध्ये (भाषा-देशाच्या सेटिंगमध्ये) आकडे कोणत्या वळणाचे हवेत ते दवाखान्याला विचारा आणि इंग्रजी वळणाचे हवे असतील तर लोकॅलच्या नावाला 'यू-एनयू-लॅटन' जोडा, म्हणजे दोन ब्राउझरमध्ये दोन तऱ्हा दिसणार नाहीत.

लाइव्ह करायच्या आधी पाच-सहा पावत्या छापून दवाखान्यात पाठवा. अरबी नावाची एक, इंग्रजी नावाची एक, कंसात कंपनीचं नाव असलेलं औषध असलेली एक, आणि तारीख वाक्यात येणारी एक त्यात असू द्या. रिसेप्शनवरच्या कुणा ओमानी माणसाला त्या मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही फोनवर डेटाबेसची नोंद समोर ठेवून ऐका.