क्लायमेटच्या दानावर करिअर, करावं का?

राजेंद्रनगरची_मावशी
माझी भाची अकरा वर्षं बँकेत कर्जं तपासायच्या डिपार्टमेंटला आहे. आता एका फाउंडेशनमधे क्लायमेट प्रोग्रामची हेड म्हणून ऑफर आलीये, म्हणजे देणगीदारांचा पैसा कुठल्या संस्थेला, कुठल्या कामाला द्यायचा ते ठरवायचं. पगार थोडा कमी. तिचे बाबा म्हणतात, लोकांच्या दानावर कसलं करिअर! मला वाटतं घ्यावी.

मल्हारगंजी
बाबांचं बरोबर आहे. मोठा पैसा दानातून येत नाही हो. आपल्याच नगर निगमनं फेब्रुवारी २०२३ मधे २४४ कोटींचे ग्रीन बाँड काढले, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून व्याजानं पैसे उचलले, जलूदला ६० मेगावॉटचं सोलर लावायला, कारण नर्मदेचं पाणी तिथून इंदूरपर्यंत चढवायचं वीजबिल काय येतं विचारू नका. लोकांनी ते व्याजासाठी घेतले, पुण्य कमवायला नाही.

सिरपूरचा_बगळा
काका, जलूदला बिल वाचणार म्हणून पैसेवाले आले. आमच्याकडे कामाला येतात त्या ताईंची मूसाखेडीत पत्र्याची खोली आहे, मे महिन्यात दुपारी आत बसवत नाही. गेल्या वर्षी एका संस्थेनं वरून पांढरा रंग मारून दिला, आता लेकरू दुपारी झोपतं तरी म्हणाल्या. ह्याचं व्याज कोण देणार, ते लेकरू? इथे दानच लागतं, आणि ते योग्य जागी जातंय का बघायला कर्जं तपासून डोळे पिकलेलं माणूस काय वाईट?

जीरावन_जास्त
रंगाचं ऐकलं, आता झाडांचं ऐका. आमच्या कॉलनीमागे एका कंपनीनं सीएसआरमधे, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चातून, रोपं लावली, फोटोबिटो झाले, आज ट्री गार्डवर कंपनीचं नाव टकाटक आणि आत वाळकी काडी. कायद्यानं नफ्यातले २ टक्के खर्चायचेत, खर्चतात. हेड म्हणजे देणाऱ्याला फोटो पुरवणारी, बस.

सिरपूरचा_बगळा
अरे भिया, पण नंतर जाऊन बघायचे पैसे देतं कोण? विदेशी देणगीत कायद्यानं ऑफिस, हिशोब, रिपोर्ट, गाडी सगळं धरून २० टक्क्यांच्या वर जाता येत नाही, २०२० च्या आधी ५० होतं. आणि तो पैसा पुढे छोट्या संस्थेला देणं तर तेव्हापासून बंदच. रोप द्यायला सगळे तयार, माळी कोणालाच नको.

मल्हारगंजी
मग हात बांधलेली खुर्चीच झाली की ती! अहिल्याबाईंनी खासगीच्या, म्हणजे स्वतःच्या खजिन्याच्या, पैशातून देशभर घाट-विहिरी बांधल्या, पण पुढच्या खर्चाची सोयही लावून दिली. ते राहिलं बाजूला, आताचे तीन वर्षांत रिझल्ट मागतात.

राजेंद्रनगरची_मावशी
बरोब्बर तीनच वर्षांचा करार आहे हिचाही, आत्ता परत वाचला. सोमवारी त्यांच्याशी बोलणं आहे, तेव्हा चौथ्या वर्षी रंगाचा दुसरा हात कोण मारणार ते पहिलं विचार म्हणून सांगितलंय तिला.

जीरावन_जास्त
विचारू दे. आणि काय म्हणाले ते इथे टाका.