रामूचा 'भूत' : भीती लिफ्टमध्ये आहे

दिग्दर्शक राम गोपाल वर्माच्या, म्हणजे रामूच्या, भयपटांवर नेहमीचा आक्षेप असतो : 'रामू नुसता दणदणीत आवाज करून दचकवतो'. 'फूंक'बाबत (२००८) हे मान्य. तो एकट्याने बघा नि पाच लाख मिळवा, अशी जाहिरात करावी लागली तिथेच गाडी घसरली होती. पण 'भूत'ला (२००३) त्याच माळेत ओवू नका. त्यात एकही गाणं नाही, त्यामुळे श्वास घ्यायला उसंतच मिळत नाही. शिवाय ओसाड हवेली वगैरे काही नाही, साधी मुंबईची टोलेजंग इमारत. वॉचमन, लिफ्ट, बाल्कनी.

आम्ही लास्ट शो बघून आलो, तर बिल्डिंगची लिफ्ट दार उघडं टाकून तळमजल्यावर उभी, आतली ट्यूब फडफडतेय. नवरा-बायको मुकाट सहा मजले चढलो. हवेलीच्या सिनेमांनी असं कधी केलं नव्हतं बुवा!